तीन ‘चांगल्या’ बॅच आणि सहा ‘बिघडलेल्या’

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका एका विद्यापीठाच्या फार्मसी विद्याशाखेत फार्मास्युटिक्समध्ये पीएचडी करत आहेत. तिसरं वर्ष चालू आहे. पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या एका औषधाचे पीएलजीए (शरीरात हळूहळू तुटणारा पॉलिमर) नॅनोकण त्या नॅनोप्रेसिपिटेशनने, म्हणजे द्रावण पाण्यात सोडून कण साकळवून, बनवतात. १० मिग्रॅ औषध आणि १०० मिग्रॅ पीएलजीए ५ मिलि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचं, १ टक्का पीव्हीएच्या (कणांना एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमर) २० मिलि पाण्यात सोडायचं आणि अ‍ॅसिटोन उडू द्यायचं, अशी कृती. बॉक्स-बेनकेन (मोजक्या प्रयोगांत अनेक घटकांचा परिणाम तपासणाऱ्या) आराखड्याचे १५ प्रयोग झाल्यावर सॉफ्टवेअरने सर्वोत्तम कृती सुचवली. त्या कृतीने चार महिन्यांत नऊ बॅच झाल्या. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या बॅचची एंट्रॅपमेंट (घातलेल्या औषधापैकी कणांत अडकलेला हिस्सा) ८० ते ८४ टक्के आली. उरलेल्या सहांची ५५ ते ६८. कणांचा आकार सगळ्यांत १७० ते १९० नॅनोमीटर. मोजणी सुपरनेटंटवरून (कण तळाला बसल्यावर वर राहणाऱ्या द्रवावरून) होते, सेंट्रीफ्यूजमध्ये १५,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) ३० मिनिटं फिरवून. आपला सेंट्रीफ्यूज रिकामा नसला की त्या शेजारच्या विभागातला वापरतात. १ टक्का पीव्हीएच्या पाण्यात औषधाची विद्राव्यता त्यांनी सुरुवातीलाच मोजली होती: मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम. गाइड मॅडमचं म्हणणं असं: ‘हात बसेपर्यंतच्या बॅच कुणी धरत नाही. चांगल्या तीन घे, सरासरी काढ, पेपर पाठवू.’ पुढच्या महिन्यात प्राण्यांवरचा प्रयोग लागला आहे. याच विषयावर आधी काम केलेल्या सीनियरच्या थीसिसमध्ये आकडा सतत ८० च्या वर आहे. लेखिका विचारतात: हा पेपर पाठवणं म्हणजे खोटेपणा का? नाही म्हटलं तर उरलेला काळ गाइडसोबत कसा काढू? की माझ्या हातालाच यश नाही?

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या पोटात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे: तीन बॅच चांगल्या झाल्या आणि सहा बिघडल्या. मॅडमनीही तेच धरलंय. तुम्हा दोघींचं दुमत आहे ते बिघडलेल्या सहांचं काय करायचं, एवढ्यापुरतं. त्या सहा बिघडल्यात, हेच मुळात अजून सिद्ध झालेलं नाही. तुमचेच आकडे मांडून पाहू.

तुम्ही सुपरनेटंट तपासता, त्यात सापडलेलं औषध ‘मोकळं’ धरता आणि १० मिग्रॅमधून वजा करता. उरलं ते कणांच्या आत. ही पद्धत सर्रास चालते, पण तिची अट अशी की मोकळं औषध सगळं वर राहिलं पाहिजे आणि कण सगळे खाली बसले पाहिजेत. आता मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम म्हणजे २० मिलिमध्ये ०.६ मिग्रॅ, घातलेल्या औषधाच्या ६ टक्के. विरघळलेल्या रूपात याहून जास्त औषध त्या पाण्यात मावत नाही. ५५ टक्केवाल्या बॅचमध्ये मात्र सुपरनेटंटमध्ये ४५ टक्के सापडलं. म्हणजे ४.५ मिग्रॅ, मिलिलिटरला २२५ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या साडेसातपट! हे विरघळलेलं औषध असूच शकत नाही. ते घनरूपात तरंगत होतं. अ‍ॅसिटोनायट्राइल घालून नमुना पातळ केल्यावर विरघळलं आणि क्रोमॅटोग्रामवर (औषध मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या आलेखावर) ‘मोकळं’ म्हणून उमटलं.

बरं, चांगल्या तिघींचं काय? ८२ टक्के एंट्रॅपमेंट म्हणजे वर १८ टक्के, १.८ मिग्रॅ, मिलिलिटरला ९० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या तिप्पट. तेही मावत नाही.

या हिशेबाला दोन पळवाटा आहेत. अ‍ॅसिटोन पूर्ण उडालं नसेल तर विद्राव्यता जास्त असते. आणि अतिसंपृक्त द्रावण काही तास टिकू शकतं, पीव्हीए स्फटिक होऊ न द्यायला मदतच करतं. तरी पाच ते साडेसातपट फरक नऊपैकी सहा वेळा याच कारणाने पडेल, यावर विश्वास बसत नाही.

मग तरंगत होतं ते काय? बहुधा तुमचेच नॅनोकण, लहान आकाराचे, तळाला न पोचलेले. शेजारच्या विभागातल्या सेंट्रीफ्यूजचं तुम्ही पत्रात ओझरतं सांगितलंय. खरं तर पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. आरपीएम हा नुसता फिरण्याचा वेग. कणाला खेचणारं बल रोटरच्या त्रिज्येवरही ठरतं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. १५,००० आरपीएमला ८ सेंमीचा रोटर सुमारे २०,१०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढी पट) देतो, ६ सेंमीचा सुमारे १५,१००. पडद्यावर आकडा तोच, पण बल पाव हिस्सा कमी. त्यात कण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून १८० नॅनोमीटरचा कण जेवढ्या वेळात तळ गाठतो त्याच्या पाचपट वेळ ८० च्या कणाला लागतो. पीव्हीएमुळे पाणी दाटसर झालेलं असतं, ते वेगळंच. ब्रेक पूर्ण जोरात ठेवला की थांबता थांबता सैल पेलेट (तळाशी बसलेला गाळ) ढवळला जातो, आणि पिपेटचं टोक तळाजवळ नेलं की त्यातलं थोडं वर येतंच.

‘पण आकार तर सगळ्यांत सारखा आला,’ असं तुम्ही म्हणाल. डीएलएसचा (प्रकाश विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा विखुरलेल्या प्रकाशावर तोललेला असतो आणि तो प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढतो. १८० चा एक कण ८० च्या सुमारे १३० कणांइतका चमकतो. वजनाने ३० टक्के माल ८० नॅनोमीटरच्या कणांत असला, तरी प्रकाशात त्याचा वाटा ४ टक्केसुद्धा भरत नाही, आणि झेड-अ‍ॅव्हरेज (डीएलएसने दिलेला सरासरी आकार) १८० वरून १७० च्या घरात उतरतं, बस्स. तुमच्या बॅच १७० ते १९० च्या दरम्यान आहेत. पीडीआय (आकार किती फाकलेत त्याचा आकडा) किंचित वाढतो, पण तो ०.३ च्या खाली असला की त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

आता उलट बाजू. मोकळ्या औषधाचे जाड स्फटिक झाले तर ते कणांच्याही आधी तळाला जातात आणि वजाबाकीत ‘कणांच्या आत’ म्हणून मोजले जातात. म्हणजे ज्या बॅचमध्ये औषध कणांत गेलंच नाही, तीच या पद्धतीत ८४ टक्के दाखवून मोकळी होऊ शकते. तुम्ही सहा बॅच गाळायच्या की नाही यावर झोप घालवताय. कदाचित गाळण्यासारख्या त्या तीनच असतील. तसंच आहे असा माझा दावा नाही. आजच्या आकड्यांवरून कुठली बॅच चांगली हे सांगता येत नाही, एवढंच म्हणायचंय.

हाताबद्दलही बोलू, कारण तो प्रश्न तुम्ही शेवटी आणि दबक्या आवाजात विचारलाय. हात बसण्याचा मुद्दा असता तर चांगले आकडे शेवटी शेवटी आले असते. तुमचे आलेत दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या बॅचला. तरी खात्री करायचीच असेल तर पसारा कुठल्या पायरीवर वाढतो ते पाहा. एकाच व्हायलमधून सहा इंजेक्शनं: पीक एरियाचा (शिखराच्या क्षेत्रफळाचा) आरएसडी, म्हणजे सरासरीच्या तुलनेतला पसारा, २ टक्क्यांच्या आत हवा. मग एकाच नळीतल्या सुपरनेटंटचे तीन वेगवेगळे नमुने पातळ करून. मग एकाच बॅचच्या तीन नळ्या वेगवेगळ्या फिरवून. आणि शेवटी तीन स्वतंत्र बॅच. पहिल्या दोन पायऱ्यांवर आकडे घट्ट आणि तिसरीवर एकदम फाकले, तर दोष फिरवण्यात आहे. चौथीवर फाकले तर बनवण्यात. ‘माझा हात’ ही एक गोष्ट नसते, या चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

प्रयोगशाळेत जायच्या आधी अर्धा दिवस नोंदवहीला द्या. नऊ ओळींचा तक्ता करा: तारीख, पीएलजीएचा लॉट, पीव्हीएचं द्रावण किती दिवसांचं, अ‍ॅसिटोन किती तास उडवलं, कुठला सेंट्रीफ्यूज, कुठला रोटर, फिरवल्यानंतर किती वेळाने सुपरनेटंट काढला, एचपीएलसीला नमुना कधी लागला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या ओळीत काय सारखं आहे? सेंट्रीफ्यूजचा रकाना नोंदवहीत नसेल, आणि बहुधा नसेल, तर शेजारच्या विभागातली वापराची वही मागून तारखा जुळवा.

त्यानंतर नऊ नव्या बॅच करायला धावू नका. नेहमीसारखी एकच करा आणि ती नीट चिरून पाहा. सुरुवातीला न फिरवलेल्या द्रवातलं अर्धा मिलि घ्या, अ‍ॅसिटोनायट्राइलने १० मिलि करा आणि एकूण औषध मोजा. पीएलजीए त्यात विरघळतं. पीव्हीए मात्र पांढरा साका धरतं, तो फिरवून किंवा गाळून काढावा लागतो. १० मिग्रॅ घातलं होतं, पण बीकरमध्ये ८.५ च सापडलं तर? उरलेलं पुष्कळदा मॅग्नेटिक बीडवर आणि काचेला चिकटलेल्या पांढुरक्या थरात असतं. बीड आणि बीकर अ‍ॅसिटोनायट्राइलने धुऊन तेही इंजेक्ट करा. वजाबाकीच्या सूत्रात हे चिकटलेलं औषधसुद्धा मुकाट्याने ‘कणांच्या आत’ जाऊन बसतं.

मग त्याच बॅचमधून दीड-दीड मिलिच्या आठ नळ्या भरा, चार तुमच्या रोटरला आणि चार शेजारच्या. तापमान दोन्हीकडे एकच, ब्रेक कमीत कमी. पहिल्या फेरीत आरपीएम सारखा ठेवून दोन-दोन नळ्या, दुसऱ्या फेरीत जी सारखं करून उरलेल्या. फिरवून झाल्यावर नळी अंधारात धरून बाजूने लेझर पॉइंटर मारा. प्रकाशाची रेघ स्पष्ट दिसली किंवा द्रव निळसर झाक मारत असला तर वर कण आहेत. एचपीएलसीची गरजच नाही. हवं तर तोच सुपरनेटंट डीएलएसमध्ये ठेवा. ७०-९० नॅनोमीटरचा डोंगर निघाला तर चोर सापडला.

मोकळं औषध खरंच किती, हे पाहायला १०० किलोडाल्टनचं सेंट्रीफ्युगल फिल्टर वापरा. त्यातून विरघळलेलं औषध जातं, कण अडतात. आधी मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमचं निव्वळ औषधाचं द्रावण त्यातून काढा. पाण्याला नाक मुरडणारी औषधं पडद्याला चिकटतात, आणि २० मधले १२ च खाली आले तर ते फिल्टर तुमच्या कामाचं नाही. स्फटिकांसाठी न फिरवलेला द्रव आधी ०.८ किंवा १ मायक्रोनच्या फिल्टरमधून काढा आणि गाळण्याआधीचं व नंतरचं एकूण औषध ताडून पाहा. जाड स्फटिक मागे राहतात, १८० नॅनोमीटरचे कण आरपार जातात. अगदी बारीक स्फटिक निसटतात, म्हणून पेलेटचा एक थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. डीएससीत (नमुना तापवून स्फटिक ओळखणाऱ्या चाचणीत) औषधाचं शिखर दिसलं नाही म्हणून स्फटिक नाहीत, असं लिहू नका. तुमच्या कणांत औषध वजनाने जेमतेम ९ टक्के. त्यातला लहानसा हिस्सा स्फटिक असला तर तो डीएससीच्या नजरेतून सहज सुटतो.

शेवटी पेलेट अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून औषध थेट मोजा. पेलेटमधलं, सुपरनेटंटमधलं, धुण्याच्या पाण्यातलं आणि काचेवरचं मिळून घातलेल्या औषधाच्या ९५ ते १०५ टक्के भरलं पाहिजे. भरत नसेल तोवर एंट्रॅपमेंटचा कुठलाच आकडा छापण्यालायक नाही.

इथे एचपीएलसीचा एक खोडा येतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळलेलं पीएलजीए तसंच इंजेक्ट केलं आणि मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) पाणी जास्त असलं, तर ते कॉलमच्या तोंडाशीच साकळतं. दाब इंजेक्शनागणिक चढतो, शिखरं बसकी होत जातात आणि वीस-पंचवीस नमुन्यांनंतरचे आकडे पहिल्यांशी जुळत नाहीत. नमुना मोबाइल फेजने पातळ करून पॉलिमर बाहेरच साकळू द्या, फिरवून काढून टाका, वरचा द्रव इंजेक्ट करा; गार्ड कॉलमही लावा. या साक्याबरोबर औषध जात नाही ना, हे औषध नसलेल्या नॅनोकणांत ठरावीक औषध मिसळून तपासायचं: अपेक्षित प्रमाणाच्या ८०, १०० आणि १२० टक्के पातळीवर तीन-तीन, म्हणजे नऊ निर्धारणं. आयसीएचच्या (औषधांचे तांत्रिक निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) क्यू२ मार्गदर्शनात अचूकतेसाठी सांगितलेली किमान संख्याही हीच आहे. औषधाच्या निव्वळ द्रावणावर केलेलं व्हॅलिडेशन इथे पुरत नाही.

हे सगळं दोन ते अडीच आठवड्यांचं काम आहे, त्यात एचपीएलसीचे पाच-सहा दिवस.

एवढं करूनही बॅच फाकतच राहिल्या तर मग बनवण्याकडे वळा. हाताने सोडलेली सिरिंज हे पहिलं कारण. पंप लावून मिनिटाला ०.५ ते १ मिलि ठेवा आणि सुईचं टोक दर वेळी बीडपासून तेवढ्याच अंतरावर, पाण्याखाली. दुसरं, फ्रीझरमधून काढलेली पीएलजीएची बाटली गार असतानाच उघडणं. आत दव धरतं आणि पॉलिमर हळूहळू तुटत जातं. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. पीव्हीएचा लॉट बदलला असेल तर त्याचं रेणुभार आणि हायड्रोलिसिसचं प्रमाण लेबलवर ताडून पाहा.

एक वाईट बातमी आत्ताच सांगून टाकणं बरं. दोष फिरवण्यात निघाला, तर तो बॉक्स-बेनकेनच्या १५ प्रयोगांतही असणार. तीन घटकांच्या या आराखड्यात १२ बिंदू एकेकदाच होतात आणि मधला बिंदू तीनदा. वर्ग-समीकरणाचे गुणांक दहा. १५ मधून १० गेले, उरले पाच अंश (त्रुटी मोजायला मोकळे राहिलेले आकडे). त्यातल्या फक्त दोन अंशांवर निव्वळ त्रुटीचा अंदाज उभा असतो. आर-वर्ग (समीकरण आकड्यांशी किती जुळतं त्याचं माप) ०.९८ आला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही, दहा गुणांक पंधरा बिंदूंतून ओढूनताणून जातातच. तुमच्या मधल्या बिंदूच्या तीन बॅच काढून पाहा. त्यांतलाच फरक दहा-बारा टक्क्यांचा असेल तर सॉफ्टवेअरने ‘सर्वोत्तम’ म्हणून जे सांगितलं ते गोंगाटातून काढलेलं आहे. पंधराच्या पंधरा पुन्हा करायला लागतीलच असं नाही. मोजणी दुरुस्त झाल्यावर मधला बिंदू तीनदा आणि सर्वोत्तम कृती तीनदा, अशा सहा बॅच करा. दोन्हींत खरोखर फरक आहे का, ते लगेच कळेल.

आता खोटेपणाचा प्रश्न. कारण न देता सहा बॅच गाळून तिघींची सरासरी ‘एन बरोबर ३’ म्हणून छापली, तर होय. संशोधनातल्या गैरवर्तनाच्या रूढ व्याख्येत आकडे बनवणं आणि बदलणं यांच्याबरोबर, निष्कर्षाचं चित्र पालटेल अशा रीतीने आकडे वगळणंही येतं. आपल्या विषयात तर याला धंद्यातली जुनी नजीर आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने एका औषध कंपनीच्या खटल्यात, नापास नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासण्याची रीत अमान्य केली. पुढे २००६ मध्ये तिथल्या एफडीएने (औषध नियामकाने) मर्यादेबाहेरच्या निकालांच्या चौकशीचं मार्गदर्शन काढलं. त्याचा गाभा असा की निकाल रद्द करायचा तर प्रयोगशाळेतली चूक दाखवून द्या. चूक सापडली नाही तर निकाल राहतो. क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या तासाला हेच शिकवतात, आणि तुमच्या मॅडमनीही कधीतरी शिकवलं असेल.

म्हणूनच त्यांच्यावर लबाडीचा शिक्का मारायची घाई करू नका. सरावाच्या बॅच बाजूला ठेवणं ही मान्य गोष्ट आहे. फक्त कुठल्या बॅच सरावाच्या ते आधी ठरवायचं असतं, आकडा पाहून नव्हे. मॅडमकडे तुमचा आकडा महिन्यातून एकदा, एका स्लाइडवर जातो. रोटर दोन होते हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. तुम्ही ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणालात की त्यांना ते आपल्या प्रामाणिकपणाबद्दल ऐकू येणार. ‘ही मोजणी चुकतेय असं वाटतं’ म्हणालात तर तो दोघींचा प्रश्न होतो.

जाताना एकच कागद न्या. वर विद्राव्यतेचा तो हिशेब, चार ओळींत. खाली नऊ बॅचचा तक्ता. त्याखाली अडीच आठवड्यांचं वेळापत्रक. आणि बोलायचं ते साधारण असं: ‘मॅडम, सुपरनेटंटमध्ये विद्राव्यतेच्या साडेसातपट औषध दिसतंय. परीक्षकाने हा हिशेब केला तर तिन्ही चांगल्या बॅचही अडचणीत येतील. मला अठरा दिवस द्या, तेवढ्यात प्रस्तावना आणि पद्धतींचा भागही लिहून ठेवते.’ भेट झाल्यावर त्याच दिवशी साधा मेल टाका: आज हे ठरलं, या तारखेला हे दाखवीन. आरोप नको, खुलासा नको. पुढे गरज पडलीच तर तारीख असलेला हा मेल कामाला येतो. नाही पडली तरी कामात शिस्त राहते.

प्राण्यांच्या प्रयोगाचा मुद्दा त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण थांबण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे. मात्रा तुम्ही कणांतल्या औषधावरून काढणार. ८२ टक्के धरून मात्रा काढली आणि खरी ६० असली तर प्राण्यांना २७ टक्के औषध कमी जाईल, आणि रक्तातल्या पातळीचा आलेख कशाचाच पुरावा राहणार नाही. प्राणी कमीत कमी वापरा, हे तत्त्व १९५९ पासून मांडलेलं आहे. ज्याचा निकाल वाचता येणार नाही अशा प्रयोगात प्राणी वापरणं त्यात बसत नाही, आणि प्राणी-प्रयोगाची परवानगी देणाऱ्या समितीला हे समजावून सांगावं लागत नाही.

पेपर लिहायची वेळ येईल तेव्हा नऊच्या नऊ बॅच द्या. दोष फिरवण्यातच निघाला तर मजकुरात एवढं पुरतं: ‘सुरुवातीच्या नऊ बॅचची एंट्रॅपमेंट अप्रत्यक्ष पद्धतीने ५५ ते ८४ टक्के आली. न बसलेले कण सुपरनेटंटमध्ये राहत असल्याचं आढळल्याने पुढील मोजणी थेट पद्धतीने, वस्तुमानाचा ताळा जमवून केली.’ नऊ जणींचा तक्ता पुरवणीत. ‘एन’ म्हणजे स्वतंत्र बॅच, एकाच व्हायलची तीन इंजेक्शनं नव्हेत, हेही स्पष्ट लिहा. असा परिच्छेद पाहून परीक्षक पेपर परत करतात, ही भीती माझ्या मते अनाठायी आहे. त्यांना खटकते ती बॅच-बॅचमधल्या फरकाबद्दलची शांतता.

आणि मॅडम तरीही अडून बसल्या तर? पेपरवर नाव लावण्याच्या आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकषांपैकी एक म्हणजे अंतिम मसुद्याला संमती, आणि एक म्हणजे संपूर्ण कामाची जबाबदारी घेणं. तुमच्या संमतीशिवाय तुमचं नाव लावून पेपर जाऊ नये. बरीच नियतकालिकं सगळ्या लेखकांना मेल पाठवून खात्रीही करतात. तेव्हा ‘या मसुद्याला सध्या माझी संमती नाही, नऊ बॅचचा तक्ता जोडल्यावर देईन’ हे एक वाक्य लेखी कळवणं तुमच्या हातात आहे. त्याआधी सहमार्गदर्शक असतील तर त्यांच्याशी, नाही तर सल्लागार समितीतल्या विश्लेषणाच्या माणसाशी बोला, आणि विषय मोजणीचाच ठेवा. विद्यापीठाच्या संशोधन-नीती कक्षाकडे जाणं ही शेवटची पायरी. ती घेतल्यावर संबंध पूर्ववत होत नाहीत, हे जाणूनच घ्या. नोंदवही आणि मूळ क्रोमॅटोग्राम प्रयोगशाळेचे असतात. ते घरी नेऊ नका, पुसू नका, नाव बदलून ठेवू नका. हवी ती प्रत रीतसर मागून घ्या.

सीनियरबद्दल तुम्ही फार विचार करताय. त्यांना फक्त विचारा: रोटर कुठला होता, किती मिनिटं, ब्रेक किती? त्यांचे ८० च्या वरचे आकडे एकाच मोठ्या रोटरची किमया असू शकतात, स्फटिकांची असू शकतात, किंवा खरेही असतील.

नॅनोकणांवर काम न करणाऱ्या वाचकांनीही आपला आकडा काय गृहीत धरून निघतो, हे एकदा लिहून काढावं. डिसोल्यूशन (गोळीतलं औषध किती वेगाने विरघळतं याची चाचणी) करणाऱ्यांनी माध्यमातली विरघळलेली हवा नीट काढली होती का आणि फिल्टर औषध शोषतो का ते पाहावं. पहिले काही मिलि टाकून दिल्यावर आकडा बदलला तर शोषतो. वनस्पतींच्या अर्कावर एमटीटी (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजण्याची चाचणी) करणाऱ्यांनी पेशींशिवाय, नुसता अर्क आणि एमटीटी ठेवून पाहावं. कित्येक अर्क पेशी नसतानाही जांभळा रंग आणतात, आणि मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात.

तुमच्यासाठी उद्याचं पहिलं काम म्हणजे दोन्ही रोटरच्या झाकणाखाली कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घेणं. त्यावरून त्रिज्या सापडते. प्राण्यांची तारीख पुढे ढकलण्याबद्दल मात्र मॅडमशी आजच बोला. जनावरं एकदा येऊन पोचली की अठरा दिवस मागायला तोंड राहत नाही.